स्फोटाचा खटला पहिल्या रात्रीच हरतो

मा. संपादक,
स. न. वि. वि.

११ जुलै २००६ च्या लोकल स्फोटांतील बाराही दोषींना मुंबई उच्च न्यायालयाने २१ जुलै २०२५ रोजी निर्दोष सोडले. दहाच दिवसांनी, ३१ जुलैला, विशेष एनआयए (राष्ट्रीय तपास संस्था) न्यायालयाने मालेगावच्या भिक्कू चौकातील २९ सप्टेंबर २००८ च्या स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपींना सोडले. एका खटल्यात आरोपी मुसलमान, दुसऱ्यात हिंदू. त्यामुळे त्या दहा दिवसांत वाहिन्यांवर आणि वर्तमानपत्रांत हिशेब एवढाच चालला की कोण जिंकले आणि कोणाची जिरली. लोकलमध्ये १८० हून अधिक माणसे गेली, मालेगावात सहा. ती कोणी मारली याचे उत्तर आज न्यायालयाच्या कागदावर नाही. का नाही, हे मात्र निकालपत्रांत सविस्तर आहे, आणि ते वाचून छापण्याची तसदी फार थोड्यांनी घेतली.

पहिल्या निकालाचा दाखला इतर खटल्यांत देता येणार नाही असे सर्वोच्च न्यायालयाने लगेच म्हटले आहे. दोन्ही प्रकरणांत पुढे वर काय व्हायचे ते होईल. आमचा मुद्दा खालचा आहे, अगदी स्फोटाने पडलेल्या खड्ड्याजवळचा. मालेगाव धुळ्याहून पन्नास किलोमीटर. उद्या असे काही धुळ्याच्या पाच कंदीलला, जळगावच्या फुले मार्केटात किंवा भुसावळच्या फलाटावर घडले, तर पहिल्या सहा तासांत आपले पोलीस आणि आपले पत्रकार नेमके काय करतील? आजवरचा रिवाज पाहता पोलीस पत्रकार परिषदेत असतील आणि पत्रकार पोलिसांच्या फितीच्या आत.

मालेगावच्या निकालातील निष्कर्ष कोरडे आहेत, पण एकेक वाचण्यासारखा आहे. स्फोट झाला, हे सिद्ध झाले. बॉम्ब त्या एलएमएल फ्रीडम मोटारसायकलमध्येच होता, हे सिद्ध झाले नाही. पंचनामा करताना जागेचा नकाशा काढला गेला नाही. बोटांचे ठसे घेतले नाहीत. मोबाइल टॉवरचा डम्प डेटा, म्हणजे त्या वेळी टॉवरवर असलेल्या सगळ्या फोनची नोंद, घेतला नाही. नमुने दूषित झाले होते, म्हणून प्रयोगशाळेच्या अहवालावर विसंबता येत नाही. गाडीचा चॅसिस क्रमांक पूर्ण हाती आलाच नाही. जखमी १०१ असल्याचे सांगितले होते, न्यायालयाने ९५ धरले, आणि काही वैद्यकीय दाखल्यांत फेरफार झाल्याचेही नोंदवले. यूएपीए या दहशतवादविरोधी कायद्याखाली खटला भरण्याची मंजुरी सदोष निघाली ती वेगळीच. मंजुरी सोडली, तर यातली बहुतेक कामे एटीएसच्या (दहशतवादविरोधी पथकाच्या) मोठ्या साहेबांची नाहीत. ती ठाण्याच्या फौजदाराची, मुद्देमाल कारकुनाची आणि अपघात विभागात ड्यूटीवर असलेल्या डॉक्टरची आहेत, आणि ती पहिल्या चोवीस तासांतच होतात किंवा कधीच होत नाहीत.

पोलिसांची बाजू आम्हाला ठाऊक आहे. रमजानचे दिवस, स्फोटानंतर भडकलेला जमाव, दगडफेक. अशा वेळी टेप घेऊन मोजमापे कोण काढणार? प्रश्न रास्त आहे. म्हणूनच ते काम कोणी आणि कसे करायचे हे आधी ठरवून, हात बसेपर्यंत घोटून घ्यावे लागते.

जागेभोवती बंदोबस्ताचे कडे किती मोठे टाकायचे याचा साधा नियम आहे. खड्ड्यापासून सर्वांत लांब सापडलेला तुकडा जेवढ्या अंतरावर असेल त्याच्या दीडपट. तुकडा ६० मीटरवर मिळाला तर दोरी ९० मीटरवर. आपल्याकडे फीत लागते ती खड्ड्याभोवती पाच-सात मीटरवर, आणि तीसुद्धा कोणी बडा माणूस आला की उचलून धरली जाते. आत जायची वाट एकच हवी, तिच्या तोंडाशी वही घेतलेला शिपाई हवा, आणि आत गेलेल्या प्रत्येकाचे नाव, वेळ, कारण त्या वहीत हवे. पालकमंत्री असले तरी. उलटतपासात पहिला प्रश्न हाच येतो की पंचनाम्याआधी तिथे किती माणसे फिरली, आणि त्यावर ‘सांगता येणार नाही’ हे उत्तर सरकार पक्षाला फार महाग पडते.

त्याही आधी बॉम्बशोधक पथकाने दुसरा बॉम्ब नाही याची खात्री करायची. २६ जुलै २००८ रोजी अहमदाबादेत बाजारांतल्या स्फोटांचे जखमी रुग्णालयात पोहोचत असताना रुग्णालयांतच स्फोट झाले होते. तरीही आपल्याकडे जखमींच्या मागे नातेवाईक, त्यांच्यामागे कॅमेरे, त्यांच्यामागे पुढाऱ्यांचे ताफे, असे सगळे सिव्हिलच्या एकाच फाटकात गोळा होतात.

नकाशा म्हणजे हाताने काढलेले अंदाजे चित्र नव्हे. न हलणाऱ्या दोन खुणा निवडायच्या, उदाहरणार्थ विजेचा क्रमांक असलेला खांब आणि पक्क्या इमारतीचा कोपरा. खड्ड्याचा मध्य आणि प्रत्येक महत्त्वाचा तुकडा या दोन्हींपासून मोजायचा. खड्ड्याची लांबी, रुंदी, खोली लिहायची. फोटोत पट्टी ठेवायची. गर्दी आवरत नसेल तर कोणा दुकानाच्या गच्चीवरून सगळ्या जागेचे सलग चित्रण आधी करून घ्यायचे. दोन मिनिटांचे काम आहे. आता भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १०५ ने जप्तीचे दृक्-श्राव्य चित्रण सक्तीचे केलेच आहे, आणि कलम १७६(३) ने सात वर्षे वा त्याहून अधिक शिक्षेच्या गुन्ह्यांत न्यायवैद्यक तज्ज्ञाने जागेवर यावे अशी तरतूद केली आहे. कायदा आला. तज्ज्ञ जळगावात किती वाजता पोहोचतो, हे अजून कोणा वार्ताहराने विचारलेले नाही.

नमुन्यांची गोष्ट थोडी किचकट आहे, पण खटला बहुधा इथेच मरतो. आरडीएक्ससारखी स्फोटके अॅसिटोनमध्ये विरघळतात, अमोनियम नायट्रेट पाण्यात. म्हणून जवळच्या पत्र्यावरून, शटरवरून, गाडीच्या टाकीवरून कापसाचा एक बोळा अॅसिटोनचा घ्यायचा, एक डिस्टिल्ड पाण्याचा, आणि त्याच पाकिटातला न वापरलेला एक कोरा बोळाही सीलबंद करायचा. कोरा बोळा का, तर कापूसच दूषित नव्हता हे दाखवता यावे म्हणून. खड्ड्यातल्या मातीबरोबर लांबची, स्फोटाचा संबंध नसलेली मातीही घ्यायची. आपल्या भागात तर हे फारच गरजेचे. खताची दुकाने, गुरांचे बाजार, विहिरींना लावलेले सुरुंग. खान्देशच्या मातीत नायट्रेट तसेही सापडते. तुलनेची माती नसेल तर बचावाचा वकील एका प्रश्नात अहवाल निकामी करतो, आणि ते त्याचे कामच आहे. प्रत्येक नमुन्याला हातमोजे नवे. बॉम्बशोधक पथकाच्या ज्या माणसाने आठवड्यात सरावासाठी स्फोटके हाताळली, त्याने नमुने घ्यायचे नाहीत. किराण्याच्या पातळ पिशवीत काही भरायचे नाही, तिच्यातून वाफ निघून जाते. घट्ट झाकणाचा कोरा डबा किंवा नायलॉनची पिशवी हवी. आणि रात्री नगरपालिकेचा टँकर येऊन रस्ता धुऊन जातो, तो आधी थांबवा! ‘वातावरण शांत व्हावे’ म्हणून रक्त धुतले जाते, त्याबरोबर पाण्यात विरघळणारे सगळेच गटारात जाते.

सील केल्यावर तरी संपते का? लोकल खटल्यात आरडीएक्सची जप्ती कामी आली नाही, कारण तो माल सीलबंद आणि सुरक्षित राहिला हे सरकार पक्षाला दाखवता आले नाही. लाखेच्या सीलवर पंचांच्या सह्या, नमुना सील वेगळ्या पाकिटात, मुद्देमाल नोंदवहीत क्रमांक, कपाटातून माल कधी निघाला, नाशिकच्या प्रयोगशाळेत कोणत्या शिपायाने नेला, तिथे सील शाबूत असल्याचा शेरा कोणी दिला. या साखळीतला एक कागद कमी पडला की बाकीचे सगळे वाया. त्यात पंच ठाण्याच्या ओळखीचे, ठरलेले. प्रत्येक खटल्यात तेच.

सीसीटीव्हीबाबत एकच सांगतो. दुकानातला डीव्हीआर, म्हणजे चित्रण साठवणारे यंत्र, साधारण पंधरा ते तीस दिवसांत जुने चित्रण पुसून त्यावर नवे घेतो. कॅमेरे जास्त आणि डिस्क लहान असेल तर आठवड्यातच. त्याचे घड्याळ बहुधा पाच-दहा मिनिटे पुढे-मागे असते, तो फरक जागेवरच पंचनाम्यात लिहिला नाही तर पुढे मोबाइलच्या नोंदींशी वेळ जुळत नाही. भारतीय साक्ष अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्राचे दोन भाग लागतात, एक यंत्र ज्याच्या ताब्यात त्याचा, दुसरा तज्ज्ञाचा, आणि हॅश व्हॅल्यू, म्हणजे फाइल बदललेली नाही हे दाखवणारा तिचा आकडा. फौजदार पेनड्राइव्ह घेऊन जातो आणि प्रमाणपत्र आरोपपत्राच्या आदल्या रात्री तयार होते, हे सर्वांना माहीत आहे.

एवढी सगळी कामे उरलेली असताना पोलीस अधिकारी कॅमेऱ्यांपुढे बसतो आणि म्हणतो, आम्ही चोवीस तासांत छडा लावला. असे कोणी करू नये म्हणून केंद्रीय गृहमंत्रालयाने १ एप्रिल २०१० रोजीच सूचना काढली होती. नेमलेल्या अधिकाऱ्यानेच बोलावे. माहिती गुन्हा नोंदला तेव्हा, अटक झाली तेव्हा, आरोपपत्र गेले तेव्हा आणि निकाल लागला तेव्हा द्यावी. पहिल्या ४८ तासांत घटनेपलीकडे तर्क सांगू नयेत. अटकेतल्या माणसाची मिरवणूक काढू नये. १३ सप्टेंबर २०२३ रोजी सर्वोच्च न्यायालयाने याच विषयावर सविस्तर नियमावली करण्याचा आदेश केंद्राला दिला. आपल्याकडे मात्र आरोपी मधे, दोन्ही बाजूंना पथक, मागे बॅनर, हा फोटो ठरलेला.

त्या फोटोने काय होते ते पाहा. ओळख परेडला मुंबई उच्च न्यायालयाच्या फौजदारी नियमावलीप्रमाणे एका संशयितामागे त्याच्यासारखी दिसणारी किमान सहा माणसे उभी करावी लागतात, आणि पोलिसांनी तिथे थांबायचे नसते. परेडच्या आधी ज्याचा चेहरा आपल्या पहिल्या पानावर आला, त्याला साक्षीदाराने ओळखले तरी न्यायालय विचारते : घटनेच्या वेळी पाहिले म्हणून ओळखले, की पेपरात पाहिले म्हणून? म्हणजे तो फोटो छापून वृत्तपत्राने आरोपीची सेवा केली. कधीकधी तर पोलीस चेहऱ्यावर काळा बुरखा घालतात आणि तासाभरात बुरख्याशिवायचा फोटो पत्रकारांच्या व्हॉट्सअॅप गटावर येतो. लोकल खटल्यात ओळख परेड टिकली नाही याचे एक कारण आणखीच साधे होते. ती घेणाऱ्या विशेष कार्यकारी अधिकाऱ्याला त्या तारखेला अधिकारच उरला नव्हता. एक तारीख कोणी तपासली नाही.

‘आरोपीने दिली कबुली’ हा मथळाही थांबवा. पोलिसांपुढची कबुली पुराव्यात चालत नाही, पूर्वी साक्ष अधिनियमाचे कलम २५ होते, आता नव्या अधिनियमाचे २३. मोक्का या संघटित गुन्हेगारीविरोधी कायद्याखाली अधीक्षक दर्जाच्या अधिकाऱ्यापुढची चालते, पण लोकल खटल्यात त्याही कबुल्या उच्च न्यायालयाने विश्वासार्ह मानल्या नाहीत. वाचकाला मात्र वाटते की माणूस कबूल झाला होता आणि न्यायालयाने सोडला. न्यायालयांवरचा अर्धा राग या एका मथळ्यातून येतो. तसेच ‘ताब्यात’ आणि ‘अटक’. चौकशीला बोलावलेल्या माणसाला अटक झाली असे छापले, तर संध्याकाळी तो घरी परतला तरी गल्लीत त्याचे दुकान पुन्हा उघडत नाही.

आपल्या भागाला याचा जुना अनुभव आहे. ‘भुसावळ अल जिहाद’ नावाची संघटना उभारल्याच्या आरोपावरून १९९४ मध्ये टाडा या तेव्हाच्या दहशतवादविरोधी कायद्याखाली ज्यांना पकडले, त्यातल्या ११ जणांना नाशिकच्या विशेष न्यायालयाने फेब्रुवारी २०१९ मध्ये निर्दोष सोडले. पंचवीस वर्षे. मालेगावच्या ८ सप्टेंबर २००६ च्या कबरस्तानातील स्फोटांत एटीएसने नऊ मुसलमान पकडले, एनआयएने २०१३ मध्ये त्याच स्फोटांसाठी वेगळ्याच चौघांवर आरोपपत्र ठेवले, आणि एप्रिल २०१६ मध्ये ते नऊ जण दोषमुक्त झाले. त्यातला एक तोवर वारला होता. पहिली बातमी पहिल्या पानावर आठ कॉलम, शेवटची आत दोन. हे प्रमाण उलटे असायला हवे असेही आमचे म्हणणे नाही, निदान सारखे तरी असावे.

वाहिन्यांबद्दल सर्वोच्च न्यायालयानेच बोलून ठेवले आहे. २९ ऑगस्ट २०१२ च्या कसाब निकालात न्यायालयाने म्हटले की २६/११ चे थेट प्रक्षेपण ज्या तऱ्हेने झाले त्यातून ना राष्ट्रहित साधले ना समाजहित. पलीकडे बसलेले सूत्रधार तेच पडदे पाहून आतल्या अतिरेक्यांना फोनवर सूचना देत होते. २०१५ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती होऊन अतिरेक्यांविरुद्धची कारवाई चालू असताना थेट प्रक्षेपणाला बंदी आली, फक्त नेमलेल्या अधिकाऱ्याच्या वेळोवेळीच्या निवेदनाची मुभा राहिली. तरी एप्रिल २०२५ मध्ये पहलगामच्या हल्ल्यानंतर सरकारला पुन्हा तेच सांगावे लागले. मे महिन्यातल्या भारत-पाक संघर्षात तर काही वाहिन्यांनी पडद्यावरच कराची बंदर रात्रीत उद्ध्वस्त केले. पूंछमध्ये तोफगोळ्याने मेलेल्या एका शिक्षकाला दहशतवादी ठरवले. तिथल्या पोलिसांना खुलासा काढावा लागला.

पण त्याच कसाब खटल्यात छत्रपती शिवाजी टर्मिनसवर काढलेले वृत्तपत्र छायाचित्रकारांचे फोटो पुरावा म्हणून उभे राहिले आणि छायाचित्रकारांनी साक्ष दिली. कॅमेरे दोन्हीकडे होतेच. एक कॅमेरा शत्रूला आतली हालचाल दाखवत होता, दुसरा न्यायालयासाठी नोंद करत होता.

जळगावकरांना आणखी एक आठवण करून द्यावीशी वाटते. कसाबने तुरुंगात बिर्याणी मागितल्याची बातमी वर्षानुवर्षे देशभर चालली, निवडणुकीच्या सभांतही. २०१५ मध्ये त्या खटल्याचे सरकारी वकील, आपल्या जळगावचे उज्ज्वल निकम यांनी जयपुरात स्वतःच सांगितले की ते त्यांनी रचले होते, कसाबबद्दल सहानुभूतीची लाट येऊ नये म्हणून. खटला त्यांनी भक्कम चालवला आणि त्याचा आपल्याला अभिमान आहे. पण सरकारी वकिलाने न्यायालयाबाहेर एक कल्पित गोष्ट सांगावी आणि कोणाही वार्ताहराने तुरुंगात चौकशी न करता ती छापावी, यात अभिमानाचे काही नाही. पुरावा इतका पक्का असताना बिर्याणीची गरजच काय होती?

याचा अर्थ पोलिसांनी तोंड शिवून बसावे असा नाही. गप्प बसलेल्या पोलिसांच्या जागी अफवा बोलते. साक्री तालुक्यातल्या राईनपाड्यात १ जुलै २०१८ रोजी मुले पळवणारे समजून पाच भिक्षेकरी ठार मारले गेले. २२ जानेवारी २०२५ रोजी पाचोरा तालुक्यात परधाडेजवळ आगीच्या अफवेने पुष्पक एक्स्प्रेसमधून उतरलेल्या प्रवाशांना कर्नाटक एक्स्प्रेसने उडवले. स्फोटानंतरच्या संध्याकाळी हे दहापट होईल. म्हणून पहिल्या तासातच एका अधिकाऱ्याने निवेदन द्यावे : काय घडले, कुठे, किती वाजता, जखमी कोणत्या रुग्णालयात, यादीसाठी कोणता क्रमांक, कोणते रस्ते बंद, पुढचे निवेदन किती वाजता. कोणी केले, या प्रश्नाला ‘अजून माहीत नाही’ हे संपूर्ण उत्तर आहे. तेच निवेदन भोंग्यावरून अहिराणीत, उर्दूत, आणि नंदुरबारकडे भिली-पावरीतही. आणि भुसावळ स्थानकाबाबत आधीच लेखी ठरावे की फलाटावर कडे कोण टाकणार, रेल्वे सुरक्षा बल, लोहमार्ग पोलीस की जिल्हा पोलीस. तिघेही येतील आणि तिघेही दुसऱ्याची वाट पाहतील.

नाशिक परिक्षेत्राच्या विशेष महानिरीक्षकांकडे धुळे, जळगाव, नंदुरबार आणि मालेगाव, सगळे एकाच छत्राखाली आहे. धुळ्यात पोलीस प्रशिक्षण केंद्र आहे, राज्य राखीव दलाचा गट आहे. ‘मॉक ड्रिल’मध्ये दरवेळी जवान अतिरेक्याला पकडतात आणि टाळ्या पडतात. त्याऐवजी एकदा नुसता पंचनामा करून पाहावा, दोन तासांत, नकाशासह, आणि तो एखाद्या बचावाच्या वकिलाच्या हाती उलटतपासाला द्यावा. आम्ही फी घेणार नाही.

आपल्याकडून अपेक्षा थोड्या आहेत. दहशतवादाच्या प्रकरणात ज्यांची नावे छापली त्यांची एक वही कार्यालयात ठेवा आणि सुटकेची बातमी अटकेच्या बातमीच्या जागी, तेवढीच छापा. गुन्हे वार्ताहराने पोलिसांना गुन्हा क्रमांक, कलम, अटकेची वेळ आणि चोवीस तासांत दंडाधिकाऱ्यापुढे केव्हा उभे केले, हे चार प्रश्न विचारल्याशिवाय ‘सूत्रां’कडे वळू नये. छायाचित्रकाराने फितीबाहेरून फोटो काढावेत, कॅमेऱ्याचे घड्याळ आधी लावून घ्यावे, आणि मूळ फाइल व्हॉट्सअॅपवरून पाठवू नये. तिथे ती दाबली जाते आणि तिच्यातली वेळेची नोंद निघून जाते. कॅमेऱ्यातले कार्ड तसेच काढून पाकिटात घालावे, वर तारीख, वेळ, उभे राहिल्याची जागा लिहून सही करावी आणि पोलिसांना द्यायचे झाले तर पोच घेऊनच द्यावे.

आपले,
फौजदारी वकिली करणारे काही वाचक
धुळे, जळगाव व भुसावळ